लोणारचा पाहुणा : एका जुन्या मर्गाची फाइल

रहस्यकथेचा जो प्रकार इंग्रजी वाचकांनी विशेष प्रेमाने जोपासला, त्याची सामग्री बहुधा ठरलेली असते : एक आडबाजूचे टुमदार गाव, तेथे हवापालटासाठी उतरलेली सात-आठ सधन माणसे, त्यांपैकी एकाचा न्याहारीपूर्वी झालेला संशयास्पद मृत्यू, आणि नेमक्या त्याच विश्रामगृहात विश्रांतीसाठी आलेला, पण विश्रांती नशिबी नसलेला गुप्तहेर. ॲगाथा ख्रिस्ती यांनी ही पाककृती इतक्या वेळा सिद्ध केली की पुढे पुढे वाचकाला समुद्रकिनाऱ्यावरचा श्रीमंत पाहुणा दिसताच त्याच्या मृत्युपत्राची काळजी वाटू लागली. मराठीत हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबुराव अर्नाळकरांनी झुंझार, काळापहाड आणि धनंजय यांना घराघरांत पोहोचवले, पण त्यांचे मन मुंबईत अधिक रमले. बुलढाणा जिल्हा मात्र या वाङ्मयप्रकाराच्या नकाशावर कधी ठळकपणे उमटला नाही, आणि त्याची कारणे वाङ्मयीन नसून निखळ सामाजिक आहेत.

पहिली अडचण सुट्टी घालवणाऱ्या श्रीमंतांची आहे. घाटावर आणि घाटाखाली असे जिल्ह्याचे दोन भाग लोकव्यवहारात मानले जातात. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या माथ्यावरचे बुलढाणा, चिखली, मेहकर हे घाटावर, आणि पूर्णेच्या खोऱ्यातले मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद हे घाटाखाली. मे महिन्यात घाटाखालच्या माणसाला घाटावरची हवा थंड लागते हे खरे, आणि इंग्रज अधिकाऱ्यांनाही बुलढाण्याची हवा मानवली हेही खरे. तरीही खामगावचा एखादा कापसाचा व्यापारी चार दिवस नुसते पडून राहण्यासाठी बुलढाण्यात खोली घेऊन राहिलाच, तर गावाला पहिला संशय खुनाचा येत नाही, दिवाळखोरीचा येतो. जिल्ह्यात बाहेरची माणसे येत नाहीत असेही नाही. ती लाखांनी येतात, पण शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला येतात, १२ जानेवारीला जिजाऊंच्या जन्मोत्सवासाठी सिंदखेड राजाला येतात, होळीच्या सुमारास सैलानीच्या यात्रेला येतात. ही सगळी माणसे कामाने आलेली असतात. इंग्रजी रहस्यकथेतल्या पात्रांना जडलेला मुख्य रोग, म्हणजे दुपारी काय करावे हे न सुचणे, हा दर्शनाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला होत नाही. त्याचे सगळे लक्ष पुढच्याची पाठ आणि आपली चप्पल या दोन गोष्टींवर असते, आणि एवढ्या व्यग्र मनात खुनाचा बेत रुजत नाही.

दुसरी अडचण याहून मूलगामी आहे. इंग्रजी रहस्यकथा ज्या पायावर उभी असते तो पाया म्हणजे अनोळखीपणा : शेजारच्या टेबलावर बसलेली बाई खरोखर विधवा आहे की नाही, कर्नल म्हणवणारा गृहस्थ कधी फौजेत होता का, या गोष्टी दोनशे पाने कोणी कोणाला विचारीत नाही, कारण विचारणे असभ्य ठरते. वऱ्हाडात न विचारणे असभ्य ठरते. बसमधून उतरून टपरीवर टेकलेल्या माणसाला, त्याने पाण्याचा पेला तोंडाला लावण्यापूर्वी, 'कोन्या गावचे पाव्हणे?' असे विचारले जाते, आणि गावाचे नाव सांगून सुटका होत नाही. गाव कळले की 'तिथं कोनाच्या घरचे?', घर कळले की सोयरीक कोठली, सोयरीक कळली की विचारणाऱ्याच्या मेहुण्याच्या चुलत सासऱ्यापाशी धागा जुळतो, आणि मग चहाचे पैसे कोणी द्यायचे यावरून खरीखुरी झटापट होते. खोट्या नावाने वावरणारा बेवारस वारसदार, ज्याच्या जोरावर इंग्रजी कादंबऱ्या शेवटच्या प्रकरणापर्यंत तग धरतात, तो येथे बसस्थानकापासून पहिल्या टपरीपर्यंतही टिकणार नाही. अॅलिबी, म्हणजे गुन्ह्याच्या वेळी आपण दुसरीकडेच होतो असा आरोपीचा बचाव, हाही निरर्थक ठरतो. कारण तो कोठे होता, कोणाबरोबर होता, आणि घरी कोठे जातो म्हणून सांगून निघाला होता, या तिन्ही गोष्टी गावाला वेगवेगळ्या माहीत असतात.

तिसरी अडचण कायद्याची. ज्या मृत्यूचे कारण उघड नसते त्याची पोलीस ठाण्यात आधी 'अकस्मात मृत्यू' अशी नोंद होते, आणि विदर्भातले बातमीदार या नोंदीला 'मर्ग' म्हणतात. मर्ग हा मृत्यू या अर्थाचा मूळ फारसी शब्द आहे. तेव्हा 'मर्ग दाखल केला' या बातमीचा शब्दशः अर्थ मृत्यू दप्तरात जमा करून घेतला, असा होतो, आणि सरकारी कामाचे याहून नेमके वर्णन करणे अवघड आहे. त्यानंतर पंचनामा होतो. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १७४ आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १९४ यांनुसार ही चौकशी परिसरातल्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांच्या समक्ष व्हावी लागते, आणि या रहिवाशांना पंच म्हणतात. पोलिसांना पंच हवे आहेत ही वार्ता फुटताच गावातल्या प्रतिष्ठितांना शेतात तातडीचे काम निघते; ज्यांना वेळेत निघता आले नाही त्यांची प्रतिष्ठा कायद्याने सिद्ध होते. शिवाय दोन पंचांना पाहण्यासाठी चाळीस माणसे जमतात, त्यांपैकी एक जण खिडकीतून आत डोकावून बाहेरच्यांना वृत्तान्त देत राहतो, आणि अशा परिस्थितीत 'बंद खोलीतला खून' हा रहस्यकथेचा मानबिंदू समजला जाणारा पेच तांत्रिकदृष्ट्या अशक्य होतो. गुप्तहेराची जागाही रिकामी नाही. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ या कायद्याने पोलीस पाटलाला मान्यता दिली आहे, आणि गावातल्या संशयास्पद घटनेची खबर ठाण्यात पोहोचवणे हे त्याचे कर्तव्य आहे. इंग्रज गुप्तहेराला जे कळायला सिगारची राख आणि तीनशे पाने लागतात, ते पोलीस पाटलाला सकाळी दुधाच्या वेळी कळलेले असते. त्याची खरी कसोटी त्यातले किती सांगायचे हे ठरवताना लागते.

एवढे सगळे प्रतिकूल असूनही रहस्यकथेच्या सर्व अटी पाळणारे एक प्रकरण जिल्ह्याच्या नावावर आहे. मृत व्यक्ती बाहेरगावची होती, कमालीची श्रीमंत होती, परिसरात तिचे कोणी सोयरे नव्हते, मृत्यू प्रेक्षकांविना झाला, देह सापडला नाही, आणि तपास निरनिराळ्या अधिकाऱ्यांकडे हस्तांतरित होत दीडशे वर्षे चालला. घटनास्थळ : लोणार. या पाहुण्याला 'कोन्या गावचे' म्हणून विचारायला त्या वेळी तेथे कोणी हजर नव्हते, आणि केवळ या एका त्रुटीमुळे प्रकरण इतके गूढ झाले.

पंचनाम्याच्या रीतीने पाहिल्यास घटनास्थळाची चतुःसीमा, म्हणजे चारी बाजूंची हद्द, सरळ आहे : पूर्वेस वाशीम जिल्ह्यातील रिसोड, पश्चिमेस सिंदखेड राजा, उत्तरेस मेहकर, दक्षिणेस जालना जिल्ह्यातील मंठा. मधोमध काळ्या बेसाल्टच्या पठारात, म्हणजे लाव्हारस थिजून झालेल्या खडकात, जवळजवळ वर्तुळाकार खड्डा असून त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आणि काठापासून तळापर्यंतची खोली दीडशे मीटरच्या आसपास आहे. काठ भोवतालच्या जमिनीपेक्षा वीस-तीस मीटर उंच उचललेला आहे, आणि ही बाब पंचांनी जाड अक्षरात लिहून घेण्यासारखी आहे, कारण जमीन नुसती खचली असती तर कडा असा वर उलटला नसता. आत उतरताना झाडी दाट होत जाते, मोर ओरडतात, तळाशी जुनी देवळे अर्धी पडलेली दिसतात, आणि पाण्याच्या जवळ गेल्यावर कुजलेल्या शेवाळाचा एक उग्र दर्प येतो, ज्याला अहवालांत 'वैशिष्ट्यपूर्ण' म्हटलेले असते आणि सहलीच्या बसमधली मुले अधिक अचूक शब्द वापरतात. पाणी बोटांना साबणासारखे बुळबुळीत लागते. आम्लता आणि अल्कता मोजण्याच्या सामू नावाच्या मापावर शुद्ध पाणी ७ वर असते; हे दहाच्या घरात जाते. थोडक्यात, घटनास्थळी हात धुण्याची सोय आरोपीनेच करून ठेवलेली आहे.

तपासाचा पहिला अहवाल पौराणिक असून तो स्कंदपुराणाशी जोडला जातो. त्यानुसार लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखालच्या गुप्त विवरात दडून बसत असे आणि आसपासच्या लोकांना छळत असे. विष्णूने देखण्या तरुणाचे रूप घेतले, दैत्याच्या बहिणींना मोहात पाडून त्याचा ठावठिकाणा काढून घेतला, पायाच्या अंगठ्याने विवराचे झाकण उडवले आणि दैत्याचा वध केला. खाऱ्या पाण्याला दैत्याचे रक्त आणि क्षारांना त्याचे मांस मानले जाते, आणि उडालेले झाकण म्हणजे धाकेफळजवळची टेकडी, असेही सांगितले जाते. गावात या वधाच्या स्मरणार्थ दैत्यसूदनाचे देखणे, कोरीव शिल्पांनी भरलेले प्राचीन मंदिर उभे आहे. तपासकामाच्या दृष्टीने पाहता हा अहवाल अव्वल दर्जाचा आहे. त्यात खबरी आहेत, आणि त्या घरातल्याच आहेत; हत्यार नमूद आहे; मुद्देमाल, म्हणजे जप्त करण्याजोगी वस्तू, कोठे पडला ते गावाच्या नावासह दिले आहे; देह का सापडत नाही याचे उत्तर आहे. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूने १९२९ मध्ये गुप्तहेरकथेसाठी दहा आज्ञा घालून दिल्या, त्यांत एकापेक्षा अधिक गुप्त दालने नसावीत अशी एक अट आहे, आणि लवणासुराचे विवर एकच असल्याने तीही पाळली गेली आहे. अहवाल फक्त एका आज्ञेवर अडतो : उलगड्यात दैवी शक्तीला वाव नसावा, असे त्या धर्मगुरूचे म्हणणे होते. देवावर उपजीविका चालवणाऱ्याने देवाला कथेबाहेर उभे करावे आणि वऱ्हाडातल्या पुराणिकाने त्याला थेट घटनास्थळी आणावे, यात कोण अधिक निष्ठावान, हा प्रश्न येथे अप्रस्तुत आहे.

मोगल दप्तराने या प्रकरणाकडे वेगळ्याच नजरेने पाहिले. अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध केलेल्या ऐन-इ-अकबरीत लोणारचा उल्लेख येतो, तेथील ब्राह्मण या स्थानाला विष्णुगया म्हणतात ही नोंद येते, आणि साबण व काच यांसाठी लागणाऱ्या क्षारांची नोंद त्याहून आस्थेने येते. कोण मेले, कोणी मारले, याविषयी दप्तर उदासीन आहे. मयताच्या मालमत्तेतून सरकारजमा काय होईल, एवढाच त्याचा प्रश्न आहे. या दृष्टिकोनाला पुढे इंग्रजांनीही धक्का लावला नाही. उन्हाळ्यात पाणी आटले की काठावर क्षारांचे थर साचत, लोक ते गोळा करीत, आणि दल्ला, खुप्पल, पपडी, भुसकी अशा नावांनी त्यांची प्रतवारी होत असे. दैत्याच्या मांसाची इतकी बारकाईने प्रतवारी जगात अन्यत्र कोणी केली असेल असे वाटत नाही.

१८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने सरोवराचे वर्णन केले आणि आधुनिक तपास सुरू झाला. आधुनिक तपासाचे पहिले लक्षण असे की त्याने तात्काळ एक संशयित धरला, आणि तो नेहमीचाच होता. दख्खनचे सारे पठार ज्वालामुखीने घडवलेले, सह्याद्रीपासून वऱ्हाडापर्यंत जिकडे पाहावे तिकडे त्याच्याच हातचे काम. तेव्हा अशा रेकॉर्डवरच्या गुन्हेगाराच्या हद्दीत गोल खड्डा सापडल्यावर दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवण्याचे कारण उरत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या बहुतेक भूवैज्ञानिकांनी मग केवळ पद्धतीविषयी मतभेद ठेवले : वायूच्या दाबाने स्फोट झाला, की पोटातला लाव्हा ओसरून छत कोसळले. संशयिताच्या बाजूने बोलणारा एक साधा मुद्दा होता, तो म्हणजे दख्खनचा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि हा खड्डा पाहताक्षणी कोवळा. करोडो वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या माणसाला कालच्या चोरीत अडकवण्यासारखा हा प्रकार होता. पण जुन्या गुन्हेगाराच्या बाबतीत असली सबब ऐकून घेण्याची प्रथा कोणत्याच खात्यात नाही.

१९१२ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाच्या नियतकालिकात लोणारवर जो सविस्तर अहवाल प्रसिद्ध झाला, त्याचे लेखक दोन : टी. एच. डी. ला टूश आणि डब्ल्यू. ए. के. ख्रिस्ती. यांपैकी ख्रिस्ती हे रसायनतज्ज्ञ होते आणि लोणारच्या क्षारांची तपासणी हा त्यांचा प्रांत होता. ॲगाथा बाई त्या वर्षी अजून कुमारी मिलर होत्या. ख्रिस्ती हे आडनाव त्यांना १९१४ मध्ये लग्नाने मिळाले आणि त्यांची पहिली रहस्यकथा १९२० मध्ये आली. म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातल्या संशयास्पद मृत्यूच्या तपासावर ख्रिस्ती आडनावाचा माणूस रहस्यकथेतल्या ख्रिस्तींच्या आठ वर्षे आधी रुजू झालेला होता. दुर्दैव एवढेच की हे ख्रिस्ती विषाच्या कुपीऐवजी सोड्याचे पृथक्करण करीत राहिले, आणि अहवालाचा कलही ज्वालामुखीकडेच राहिला. शेवटच्या प्रकरणात सर्वांना दिवाणखान्यात बोलावून खऱ्या आरोपीकडे बोट दाखवण्याची संधी त्या आडनावाला लोणारमध्ये साधता आली नाही.

देह नसेल तर खून सिद्ध कसा करायचा, या पेचाने याच काळात अमेरिकेत एका माणसाचे आयुष्य खाल्ले. ॲरिझोनाच्या वाळवंटातला १.२ किलोमीटर व्यासाचा खड्डा अशनीने, म्हणजे अवकाशातून पडलेल्या दगडाने किंवा धातूच्या गोळ्याने केला आहे, अशी डॅनियल बॅरिंजर या खाणव्यावसायिकाची खात्री होती. बाहेरून आलेला पाहुणा श्रीमंत होता हे त्याने अचूक हेरले होते, आणि लक्षावधी टन लोखंड तळाशी पुरलेले असणार या हिशोबाने त्याने १९०३ पासून पंचवीसहून अधिक वर्षे भोके पाडली. देह मिळाला नाही. अखेर १९२९ मध्ये एफ. आर. मोल्टन या खगोलशास्त्रज्ञाने गणित मांडून दाखवले की एवढ्या वेगाने आदळणारी वस्तू बहुतांशी जागच्या जागी वाफ होऊन जाते, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत बॅरिंजर हृदयविकाराने गेला. ज्या वर्षी नॉक्सने गुप्तहेरांना आज्ञा घातल्या त्याच वर्षी हे घडले. बॅरिंजरचा निष्कर्ष बरोबर होता. चुकले ते मयताच्या इस्टेटीवर आधीच डोळा ठेवणे. लवणासुराच्या कथेत मात्र देह विरघळून पाण्यात मिसळल्याचे मूळ अहवालातच लिहिलेले असल्याने वऱ्हाडात कोणी तो शोधण्यासाठी कर्ज काढले नाही.

लोणारच्या फाइलला खरी गती १९६४ मध्ये मिळाली, आणि तीही दबकत. त्या वर्षी लाफॉन्ड आणि डिएट्झ या दोन अमेरिकी संशोधकांनी लिहिलेल्या टिपणाच्या मथळ्यात लोणार हे अशनीविवर असल्याचे म्हटले होते, पण मथळ्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह होते. कोणाची बदनामी होऊ नये म्हणून बातमीदार 'कथित' हा शब्द वापरतात, त्यातलाच हा प्रकार. प्रश्नचिन्ह काढून टाकण्याचे काम १९७३ मध्ये झाले. सरोवराच्या तळात भोके पाडून शेकडो मीटर खोलीवरचा खडक वर काढण्यात आला, आणि फ्रेडरिकसन, दुबे, मिल्टन व बालसुंदरम यांनी 'सायन्स' या नियतकालिकात जाहीर केले की त्या खडकात मॅस्केलिनाइट आहे. मॅस्केलिनाइट म्हणजे फेल्डस्पार या सामान्य खनिजाचे न वितळता, केवळ प्रचंड धक्क्याने काचेत झालेले रूपांतर. ज्वालामुखी कितीही संतापला तरी असा धक्का देऊ शकत नाही. तो भाजू शकतो, चिरडू शकतो, पण एका क्षणात स्फटिकाची सारी शिस्त मोडून त्याचा आकार तसाच ठेवणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. पोलिसी भाषेत सांगायचे तर जखम हत्याराशी जुळली. विशेष म्हणजे हे खनिज पहिल्यांदा ओळखले गेले ते १८६५ मध्ये बिहारात गयेजवळच्या शेरघाटीत पडलेल्या, आणि पुढे मंगळावरचा ठरलेल्या एका अशनीत. विष्णुगयेच्या मृत्यूचा पुरावा शेवटी गयेच्याच पाहुण्याने ओळखीचा करून दिला, हा योगायोग नॉक्सच्या नियमांत बसत नाही. योगायोगाने गुप्तहेराला मदत करू नये अशीही त्याची एक आज्ञा आहे.

अशा रीतीने ज्वालामुखीची निर्दोष मुक्तता झाली, आणि त्याला दीडशे वर्षे विनाकारण डांबून ठेवल्याबद्दल कोणीही दिलगिरी व्यक्त केली नाही. पाठोपाठ मयताचा तपशील जमू लागला. खड्ड्याभोवती सापडणाऱ्या, वितळून उडालेल्या खडकाच्या बारीक गोल मण्यांत निकेल, कोबाल्ट आणि क्रोमियम यांचे प्रमाण स्थानिक बेसाल्टच्या मानाने संशयास्पदरीत्या जास्त आढळले, आणि त्यावरून तो पाहुणा काँड्राइट या घराण्यातला, म्हणजे सूर्यमालेच्या जन्मकाळी जमलेल्या मूळ दगडांपैकी असावा असे संशोधकांनी ठरवले. म्हणजे पाहुणा खानदानी होता, आणि अंगावरचे दागिने मोडून त्याने घटनास्थळी उधळले होते. बाहेर फेकल्या गेलेल्या दगडमातीच्या विषम पसाऱ्यावरून काही संशोधक असेही म्हणतात की तो पूर्वेकडून तिरका आला. चतुःसीमा पुन्हा पाहिल्यास पूर्वेस रिसोड आहे. अशनींचा वेग सेकंदाला वीस किलोमीटरच्या घरात धरला तर रिसोड ते लोणार हे अंतर त्याने फार तर दीड सेकंदात कापले असेल, आणि त्या मार्गावर एसटीने प्रवास करणाऱ्या कोणालाही ही गोष्ट सर्वांत अविश्वसनीय वाटते. खड्ड्याविषयी त्याची काही तक्रार नसते, कारण खड्डे त्याच्या परिचयाचे असतात.

मृत्यूची वेळ हा मात्र या फाइलमधला सर्वांत नाजूक कागद आहे. शवविच्छेदन करणारा डॉक्टर रात्री दहा ते दोनच्या दरम्यान असे म्हणाला तर चार तासांच्या त्या फटीत इंग्रजी गुप्तहेर पाच संशयित बसवतो. लोणारच्या बाबतीत थर्मोल्युमिनेसन्स या पद्धतीने, म्हणजे तापवल्यावर खनिजातून निघणाऱ्या मंद प्रकाशावरून वय काढण्याच्या रीतीने, १९९७ मध्ये सुमारे ५२ हजार वर्षे असे उत्तर आले, आणि आर्गॉन वायूच्या समस्थानिकांचे प्रमाण मोजणाऱ्या पद्धतीने २०११ मध्ये सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे असे आले. दोन्ही वैद्यकांनी आपापल्या उत्तराला काही हजार वर्षांची सूट जोडली आहे, पण ती सूट दुसऱ्याच्या उत्तरापर्यंत पोहोचत नाही. पाच लाख वर्षांच्या फटीत कोणाची अॅलिबी तपासायची, हे नॉक्सनेही सांगून ठेवलेले नाही. लोणारचे मार्गदर्शक या अडचणीतून सहज निघतात : ते सहलीला आलेल्या शाळकरी मुलांना ५२ हजार सांगतात, आणि जाडजूड पुस्तक हातात असलेला गृहस्थ दिसला की 'तसे वाद आहेत' अशी पुस्ती जोडतात. न्यायवैद्यक शास्त्रात यापेक्षा प्रांजळ साक्ष क्वचित मिळते.

फाइल बंद होत आली असे वाटत असतानाच जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले. टाळेबंदीचे दिवस होते, पर्यटक नव्हते, वर्तमानपत्रांना महामारीखेरीज दुसरी बातमी नव्हती, आणि अशा वेळी घटनास्थळी लाल डाग दिसावा ही रहस्यकथाकाराला सुचणार नाही इतकी नेमकी वेळ होती. पुराणकथेच्या जाणकारांना आश्चर्य वाटण्याचे कारण नव्हते; रक्त आहे असे त्यांच्या दप्तरात पूर्वीपासूनच लिहिलेले होते, आता ते दिसले एवढेच. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे सरोवराच्या संवर्धनाची याचिका आधीपासून चालू असल्याने प्रकरण तेथेही पोहोचले, नमुने नागपूरची 'नीरी' आणि पुण्याची आघारकर संशोधन संस्था यांच्याकडे गेले, आणि हॅलोआर्किया या खारट पाण्यात सुखाने नांदणाऱ्या सूक्ष्मजीवांनी तयार केलेल्या रंगद्रव्यामुळे पाणी गुलाबी झाल्याचा अहवाल आला. कमी पाऊस, तापलेले ऊन आणि आटलेले पाणी यांनी क्षार वाढले, आणि या जीवांचे फावले. पाऊस पडताच रंग उतरला. त्याच वर्षी नोव्हेंबरात सरोवराला रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, असा दर्जा मिळाला. ज्या जागी मृत्यू झाला त्या जागेला जिवंत प्राण्यांसाठी संरक्षण मिळणे, हा तपासाचा शेवट इंग्रजी कादंबरीत चालला नसता.

दोन किरकोळ संशयितांचा उल्लेख राहून गेला. विवरापासून जवळच असलेले अंबर तळे हे मूळ पाहुण्याच्या तुटलेल्या तुकड्याने झाले, म्हणजे ते गुन्ह्यातले साथीदार आहे, असे बराच काळ मानले जाई. पुरेसा पुरावा न मिळाल्याने अलीकडचे संशोधक त्याला संशयाचा फायदा देऊ लागले आहेत. त्याच तळ्याजवळ मारुतीची एक भव्य आडवी मूर्ती आहे, आणि ती अशनीच्या तुकड्यातून घडवलेली असून तिच्याजवळ होकायंत्र भरकटते, अशी स्थानिक श्रद्धा आहे. ही श्रद्धा खरी मानली तर मयताचा एकमेव सापडलेला अवयव शेंदूर लावून निजला आहे, आणि तो पंचनाम्यात घेण्यासाठी ताब्यात मागण्याची हिंमत कोणत्याही तपास अधिकाऱ्याला झालेली नाही. बेसाल्टमधले इतके सुस्थितीतले विवर दुर्मीळ असल्याने चंद्रावरच्या आणि मंगळावरच्या जमिनीचा अभ्यास करणारे संशोधक लोणारला येतात, काठावरून दगड उचलतात, पिशव्यांवर क्रमांक घालतात, आणि दुपारी दमून टपरीवर टेकतात. तेथे त्यांना गाव विचारले जाते, घर विचारले जाते, पिशवीत दगड काहून नेता ते विचारले जाते, आणि मंगळ व गुरू यांच्या मधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यातून येऊन येथे मेलेल्या एका पाहुण्याची ही चौकशी आहे असे त्यांनी सांगितले, की चहाचा पेला पुढे सरकवत म्हातारा साहजिकपणे विचारतो, 'तो पट्टा झाला बाप्पा, पन तिथं कोनाच्या घरचा?'